नाण्यांवरचं लॅटिन : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

घरातल्या डब्यात, देवघरात किंवा आजीच्या दागिन्यांत सापडलेल्या परदेशी नाण्यांवरच्या मजकुराचा अर्थ विचारणारी पत्रं या महिन्यात बरीच आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. नाण्यावरचं लॅटिन बहुतेक वेळा तुकड्यातुकड्यांत असतं, म्हणून आधी अक्षरं आणि मग पूर्ण वाक्य अशी उकल दिली आहे.

प्रश्न : आमच्याकडे पणजीपासून चालत आलेला पुतळ्यांचा हार आहे. काही पुतळ्यांवर इंग्रजीसारखी अक्षरं दिसतात, पण शब्द लागत नाही. सोनार म्हणतो, ही नाणी आहेत. खरं काय? (कोल्हापूर)

उत्तर : सोनाराचं म्हणणं बरोबर असू शकतं. पश्चिम भारतात ‘पुतळी’ हे नाव आधी नाण्याला होतं, दागिन्याला ते नंतर मिळालं. हे नाणं म्हणजे व्हेनिसचा सोन्याचा डुकाट. व्हेनिसने तो 1284 मध्ये पाडायला सुरुवात केली आणि 1797 मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचं वजन आणि कस जवळजवळ बदलला नाही. मसाले आणि कापडाच्या मोबदल्यात तो अरबस्तानमार्गे आपल्या बंदरांत येत राहिला. शिवाजी महाराजांच्या खजिन्याच्या जुन्या यादीतही पुतळ्या होनांपासून वेगळ्या मोजल्या आहेत.

अस्सल डुकाट ओळखायचा तर आधी चित्र बघा. एका बाजूला डावीकडे उभे संत मार्क आहेत आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे डोजे, आहे. दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी असते आणि काठीलगत वरून खाली डी-व्ही-एक्स अशी तीन अक्षरं असतात. उच्चार ‘दुक्स’, अर्थ प्रमुख. संतांच्या मागे एस-एम-व्ही-ई-एन-ई-टी अशी अक्षरं येतात, म्हणजे ‘व्हेनिसचे संत मार्क’. डोजेच्या मागे त्याचं स्वतःचं नाव असतं आणि त्यावरून नाण्याचा काळ ठरतो, कारण या नाण्यावर साल नसतं.

दुसऱ्या बाजूला लंबगोल चौकटीत ताऱ्यांमध्ये उभा येशू असतो आणि भोवती खरं वचन. अक्षरं साधारण अशी लागतात : एस-आय-टी, टी, एक्स-पी-ई, डी-ए-टी, क्यू, टी-व्ही, आर-ई-जी-आय-एस, आय-एस-टी-ई, डी-व्ही-सी-ए. पूर्ण वाक्य आहे ‘सित तिबी, क्रिस्ते, दातुस, क्वेम तू रेगिस, इस्ते दुकातुस’. अर्थ : हे ख्रिस्ता, ज्यावर तुझं राज्य चालतं ती ही डची, म्हणजे डोजेचं राज्य, तुलाच अर्पण असो. मधला एक्स-पी इंग्रजी समजून वाचला तर गाडी तिथेच अडते. ती ग्रीक अक्षरं आहेत, ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन.

आता मोजमाप. अस्सल डुकाट सुमारे 3.5 ग्रॅम वजनाचा, 20 ते 21 मिलिमीटर व्यासाचा आणि पातळ असतो. सोनं जवळजवळ शुद्ध, हजारात 997 च्या आसपास. तुमच्या पुतळीला कडी डाकलेली असेल तर कडीचं आणि डाकाचं वजन त्यात मिसळलेलं आहे हे विसरू नका.

हारातली प्रत्येक पुतळी व्हेनिसची असेलच असं नाही. मागणी एवढी होती की भारतात डुकाटच्या नकला मोठ्या प्रमाणावर झाल्या. ठसा कोरणाऱ्या कारागिराला रोमन लिपी येत नव्हती, त्याने अक्षरांचा फक्त आकार उचलला. त्यामुळे नकलेवर शब्दांच्या जागी उभ्या रेघा, टिंबं, उलटी अक्षरं, तेच अक्षर चार वेळा असं दिसतं. येशूभोवतीचे तारे नुसत्या ठिपक्यांवर येतात. भिंगाखाली रेगिस हा शब्द शोधा. ही पाच अक्षरं ओळीने आणि सरळ लागली नाहीत, तर पुतळी नकलेची असण्याची शक्यता मोठी. तेवढ्याने ती टाकाऊ मात्र ठरत नाही. कित्येक नकला चांगल्या सोन्याच्या आहेत आणि स्वतःही दीड-दोनशे वर्षं जुन्या आहेत. आजकाल हारासाठी लक्ष्मीचा छाप मारून ज्या टिकल्या पाडतात, तो प्रकार अगदी वेगळा.

कस बघायचा तर कसोटीवर घासू देऊ नका, एका रेघेत काठाची अक्षरं जातात. हॉलमार्किंग केंद्रात एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी कस मोजणाऱ्या, यंत्रावर तपासून घ्या. त्यात ओरखडाही येत नाही. कडीच्या डाकापासून दूर, नाण्याच्या मध्यावर मोजायला सांगा, नाहीतर डाकातल्या मिश्रधातूमुळे आकडा खाली येतो. मोडीत घालण्याआधी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून नाणेतज्ज्ञाला दाखवा. हार परदेशातल्या मुलीला द्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा : 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ‘पुरावशेष’ ठरतं आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे चार गिन्न्या आहेत. दोन राणी छाप, दोन राजा छाप. डी. जी., एफ. डी., इंड. इम्प. अशी अक्षरं आहेत. ती काय सांगतात? त्यावरून खरी-खोटी कळते का? (नाशिक)

उत्तर : कळते, आणि वजनकाट्याइतकीच चांगली कळते. आपण जिला गिन्नी म्हणतो ते ब्रिटिश सॉव्हरिन नाणं आहे. त्यावरचा मजकूर म्हणजे राजाची बिरुदं आणि ती बिरुदं वेळोवेळी बदलत गेली. बनावट गिन्नी पाडणारे नेमके इथे चुकतात.

डी. जी. म्हणजे ‘देई ग्रातिया’, देवाच्या कृपेने. रेक्स म्हणजे राजा, रेगिना म्हणजे राणी. एफ. डी. किंवा फिद. देफ. म्हणजे ‘फिदेई देफेन्सोर’, धर्मरक्षक. ही पदवी पोप दहावा लिओ याने 1521 मध्ये आठव्या हेन्रीला दिली होती, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या विरोधात लिहिल्याबद्दल. पुढे हेन्रीने पोपशीच फारकत घेतली, तरी पदवी पार्लमेंटने कायम ठेवली. पहिल्या जॉर्जपासून ती नाण्यांवर आहे.

ब्रिट. या शब्दात टी दोनदा आलेला दिसेल. ती चूक समजू नका. लॅटिन संक्षेपात शेवटचं अक्षर दुहेरी केलं की अनेकवचन होतं, म्हणून ‘ब्रिटनांची’. त्यापुढे ओ-एम-एन असेल तर ‘ओम्निउम’, सर्व. दोन्ही मिळून ‘सर्व ब्रिटनांचा राजा’, म्हणजे समुद्रापारच्या वसाहतींसह. हे ‘सर्व’ सातव्या एडवर्डच्या नाण्यांवर 1902 पासून आलं. इंड. इम्प. म्हणजे ‘इंडिए इम्पेरातोर’, भारताचा सम्राट. राणी असेल तर ‘इम्पेरात्रिक्स’.

आता पारख. व्हिक्टोरियाच्या गिन्नीवर तीन चेहरे येतात. केस बांधलेली तरुण राणी 1887 पर्यंत, छोटा मुकुट आणि ओढणी 1887 ते 1893, आणि डोक्यावरून पदर घेतलेली वयस्कर राणी 1893 ते 1901. सम्राज्ञीची पदवी तिला 1876 च्या कायद्याने मिळाली, पण ब्रिटनच्या नाण्यांवर इंड. इम्प. आलं ते 1893 मध्ये, तिसऱ्या चेहऱ्याबरोबर. म्हणून तरुण राणीच्या गिन्नीवर इंड. इम्प. दिसलं तर ती बनावट. सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या गिन्न्यांवर ते असलंच पाहिजे. भारत स्वतंत्र झाल्यावर 1948 मध्ये पदवी सोडली गेली आणि 1949 पासूनच्या ब्रिटिश नाण्यांवरून इंड. इम्प. ही अक्षरं गेली. दुसऱ्या एलिझाबेथची गिन्नी 1957 पासूनची, त्यामुळे तिच्यावर इंड. इम्प. असूच शकत नाही. जॉर्जच्या नावात यू-च्या जागी व्ही दिसतो, तोही बरोबरच आहे. प्राचीन लॅटिनमध्ये दोन्हींसाठी एकच अक्षर होतं.

मागच्या बाजूला बहुतेक गिन्न्यांवर घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि खाली अजगर. तिथे कोणतंही वचन नसतं. उजवीकडे जमिनीपाशी बारीक बी. पी. दिसतं, ती बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची या कोरीवकाराची आद्याक्षरं आहेत. साल आणि जमिनीची रेघ यांच्या मध्ये एखादं बारीक अक्षर असेल तर ती टांकसाळीची खूण. पाचव्या जॉर्जच्या 1918 च्या गिन्नीवर तिथे आय हे अक्षर असेल, तर ती मुंबईत पाडलेली आहे. आय म्हणजे इंडिया. रॉयल मिंटच्या मुंबई शाखेने त्या एकाच सालाच्या सुमारे 13 लाख गिन्न्या पाडल्या. हे अक्षर नंतर चिकटवलेलं किंवा कोरलेलंही सापडतं. भिंगातून बघताना त्याच्या पायाशी डाकाची कड किंवा खरवडल्याची चमक दिसली तर घेऊ नका.

वजन 7.988 ग्रॅम, व्यास 22.05 मिलिमीटर, जाडी सुमारे 1.52 मिलिमीटर, सोनं 22 कॅरेट. म्हणजे शुद्ध सोनं 7.32 ग्रॅम. झिजलेली गिन्नी 7.937 ग्रॅमपर्यंत चलनात चालत असे. कडी न लावलेली गिन्नी त्याहून बरीच हलकी भरली तर पुढची तपासणी करा. बैरूतमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यावर पाडलेल्या नकलांत सोनं बऱ्याचदा ठीक असतं, पण अक्षरं फुगीर, पायाशी गोलसर आणि मधल्या टिंबांची अंतरं कमीजास्त असतात. अस्सल छापात अक्षराची कड नखाला लागेल इतकी उभी असते.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत आहे, नातवाने क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, जमवून आणली. सगळ्यांवर ‘इ प्लुरिबुस ऊनुम’ आहे. हे अमेरिकेचं राष्ट्रीय ब्रीद आहे ना? (ठाणे)

उत्तर : कायद्याने नाही. अमेरिकेने 1956 मध्ये ठरवलेलं राष्ट्रीय ब्रीद इंग्रजी आहे, ‘इन गॉड वी ट्रस्ट’. तुम्ही वाचलंत ते राजमुद्रेवरचं वचन. 1776 मध्ये फ्रँकलिन, अ‍ॅडम्स आणि जेफरसन यांच्या समितीपुढे ते प्रथम आलं आणि 20 जून 1782 ला मुद्रेसह मंजूर झालं. अर्थ : अनेकांतून एक. त्या वेळी अनेक म्हणजे तेरा राज्यं. वचनाची अक्षरंही, मूळ लिपीत मोजली तर, तेराच भरतात.

शब्द आले कुठून? लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या मुखपृष्ठावर ते होते आणि अमेरिकेतले सुशिक्षित लोक तो अंक वाचत. त्याच्याही मागे ‘मोरेतुम’ नावाची एक छोटी लॅटिन कविता आहे, जी पूर्वी रोमन कवी व्हर्जिलच्या नावावर सांगत. तिच्यात एक गरीब शेतकरी पहाटे उठून लसूण, चीज आणि हिरवा पाला खलात कुटतो, आपल्या ठेच्यासारखंच. कुटता कुटता वेगवेगळे रंग मिसळून एकच रंग होतो, त्या ओळीत हे शब्द जवळजवळ असेच आहेत.

तुमच्या नातवाला सांगण्यासारखी गोष्ट अशी की संघराज्याच्या टांकसाळीच्याही आधी हे वचन नाण्यावर आलं ते त्याच्याच राज्यात, न्यू जर्सीच्या 1786 च्या तांब्याच्या नाण्यावर. पुढे 1795 चं साल असलेल्या पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्यावर ते दिसतं आणि 1873 च्या नाणेकायद्याने नाण्यांवर घालायचं ठरलं.

त्याला पुढे डॉलरची नाणी जमवायची असतील तर काठ बघायला शिकवा. 2007 पासूनच्या अध्यक्षांच्या डॉलरवर हे वचन, साल आणि टांकसाळीची खूण काठावर असते. 2007 च्या जॉर्ज वॉशिंग्टन डॉलरचा काही भाग काठाची अक्षरं न उमटवताच बाहेर पडला आणि त्याला जास्त किंमत येते. म्हणून लोक चांगल्या नाण्याचा काठ घासून अक्षरं घालवतात. नाणं 8.1 ग्रॅम आणि 26.5 मिलिमीटर भरतं का ते बघा. घासलेलं असेल तर दोन्ही आकडे कमी येतात आणि काठावर समांतर चरे दिसतात.

प्रश्न : लंडनहून आणलेल्या जुन्या एक पाउंडच्या नाण्यांच्या काठावरची अक्षरं काहींवर सरळ, काहींवर उलटी आहेत. उलटी नाणी दुर्मीळ असतात असं ऐकलं. (पुणे)

उत्तर : नसतात. या नाण्यांच्या काठावर अक्षरं आधी उमटवत आणि मग कोऱ्या चकत्या छापयंत्रात सोडत. चकती कुठल्या बाजूने पडेल याला काही धरबंध नव्हता, त्यामुळे निम्मी सरळ आणि निम्मी उलटी असायचीच. ‘उलटं पाउंड’ म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

काठावरचं वचन मात्र बघण्यासारखं आहे. ‘देकुस एत तूतामेन’, म्हणजे भूषण आणि संरक्षण. व्हर्जिलच्या ‘इनिड’ या महाकाव्याच्या पाचव्या सर्गात हे शब्द एका चिलखताबद्दल आहेत. होड्यांच्या शर्यतीत दुसऱ्या आलेल्या वीराला सोन्याने विणलेलं चिलखत बक्षीस मिळतं, लढाईत शोभाही आणि आडोसाही. नाण्याच्या काठाला हे वर्णन तंतोतंत बसतं. हाताने पाडलेल्या चांदीच्या नाण्यांचा काठ कातरून लोक चांदी चोरत आणि नाणं पूर्ण किमतीला खपवत. दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, 1662 पासून, यंत्रावर पाडलेल्या मोठ्या नाण्यांच्या काठावर ही अक्षरं आली. कातरायला गेलं की आधी अक्षरं तुटायची. ही कल्पना सुचवणारा इंग्रज लेखक जॉन एव्हलिन.

गोल पाउंड 1983 ते 2016 या सालांचा आहे. त्यावर वचन चित्राप्रमाणे बदलतं आणि बनावट नाणी इथेच उघडी पडतात. स्कॉटलंडचं काटेफूल किंवा सिंह असेल तर काठावर ‘नेमो मे इम्पुने लाकेस्सित’ हवं, म्हणजे मला डिवचून कोणी सुटत नाही. वेल्सचं लीक (कांद्याच्या जातीची भाजी) किंवा ड्रॅगन असेल तर वेल्श भाषेतली ओळ असते. तिला लॅटिन समजून अर्थ लावत बसू नका. इंग्लंड, उत्तर आयर्लंड आणि राजचिन्हाच्या नाण्यांवर ‘देकुस’. 2004 ते 2007 च्या पुलांच्या नाण्यांवर काठाला अक्षरं नसून नक्षी असते, ती बनावट नव्हेत. 2010 आणि 2011 च्या राजधान्यांच्या नाण्यांवर त्या त्या शहराचं ब्रीद आहे. लंडनच्या नाण्यावरचं ‘दोमिने दिरिगे नोस’ म्हणजे प्रभो, आम्हाला वाट दाखव.

या नाण्यांत एका टप्प्यावर तीसपैकी एक बनावट होतं, म्हणूनच 15 ऑक्टोबर 2017 पासून ते चलनातून गेलं. तपासायला नाणं राणीचा चेहरा सरळ धरून उभ्या अक्षावर फिरवा. मागचं चित्रही सरळ यायला हवं. तिरपं आलं आणि काठाची अक्षरं उथळ, वेडीवाकडी असतील तर ते बनावट. वजन 9.5 ग्रॅम. दुकानात आता ही नाणी कोणी घेणार नाही.

प्रश्न : ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं, रामपंचायतन असलेलं नाणं एक जण लाखो रुपयांना देतो म्हणतो. त्याच्याकडे कंपनीचं दुसरंही एक तांब्याचं नाणं आहे, त्यावर सिंह आणि फितीवर लॅटिन आहे. दोन्ही अस्सल का? (सोलापूर)

उत्तर : पहिलं घेऊ नका. कंपनीने राम, हनुमान, कमळ किंवा ओम असलेलं नाणं कधीही पाडलं नाही. 1616, 1717, 1818, 1839 अशी सालं घातलेली ही सगळी नंतर बनवलेली टोकनं आहेत. तांदूळ ओढून घेतं, त्यात वीज आहे, अमुक कंपनी संशोधनासाठी विकत घेणार आहे, हे सांगणं फसवणुकीचं आहे आणि यात कित्येक घरांची आयुष्यभराची पुंजी गेली आहे. ‘तपासणी फी’ म्हणून आगाऊ पैसे मागितले तर सरळ पोलिसांकडे जा.

दुसरं अस्सल असू शकतं. कंपनीच्या चिन्हात दोन सिंह ढाल धरून उभे असतात आणि खालच्या फितीवर ‘आउस्पिकियो रेगिस एत सेनातुस आंग्लिए’ हे ब्रीद असतं, बहुधा आखूड करून. अर्थ : इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांच्या आश्रयाखाली. पार्लमेंटला लॅटिनमध्ये सेनातुस म्हटलं आहे. 1835 च्या पाव आण्याचं वजन 6.48 ग्रॅम, अर्ध्या आण्याचं 12.95 ग्रॅम, पैचं 2.16 ग्रॅम. फितीवरची अक्षरं फार बारीक असल्याने ती सर्वांत आधी झिजतात. ओतलेल्या नकलेत तर ती नुसती लहर होऊन जातात. पाव आणा फार मोठ्या संख्येने निघाला. साधा झिजलेला असेल तर त्याची किंमत शेकड्यांत असते, लाखांत कधीच नाही.

मुंबईची नाणी या बाबतीत अधिक रंजक आहेत. सतराव्या शतकात, 1670 च्या दशकात, कंपनीने मुंबईत पाडलेल्या रुपयावर ‘आ देओ पाक्स एत इन्क्रेमेन्तुम’ असं होतं, म्हणजे देवाकडून शांती आणि भरभराट. दुसऱ्या एका प्रकारावर ‘मोनेता बोम्बाइएन्सिस’, मुंबईचं नाणं. बाजारातल्या लोकांना हे लॅटिन लागत नव्हतं आणि मोगली फारसी छापाचा रुपया तेवढा विश्वासाने घेतला जाई, म्हणून असे रुपये फार दिवस निघाले नाहीत. ते आज अत्यंत दुर्मीळ आहेत. 1835 नंतरच्या रुपयावर लॅटिन नाहीच. विल्यम किंग, व्हिक्टोरिया क्वीन, पुढे एम्प्रेस, सगळं इंग्रजीत. रुपयावर कोणी देई ग्रातिया दाखवलं तर संशय घ्या.

प्रश्न : एका जाड चांदीच्या नाण्यावर दोन खांब आणि ‘हिस्पान एत इंड रेक्स’ आहे. स्पेनचा राजा भारताचाही राजा होता का? (रत्नागिरी)

उत्तर : नव्हता. ‘इंड.’ म्हणजे इथे ‘इंडियारुम’, इंडीज. स्पेनच्या भाषेत तो अमेरिका खंड. पूर्ण बिरुद ‘स्पेन आणि इंडीजचा राजा’. हे आठ रेआलचं (रेआल म्हणजे जुनं स्पॅनिश चलन) नाणं, 1732 ते 1772 या काळातलं, वजन सुमारे 27 ग्रॅम. खांबांच्या मधले दोन गोल म्हणजे जुनं आणि नवं जग, आणि वरचं ‘उत्राक्वे ऊनुम’ म्हणजे दोन्ही मिळून एक. खांबांवरच्या फितींत ‘प्लुस उल्त्रा’ असतं, म्हणजे आणखी पलीकडे. जिब्राल्टरच्या खांबांपुढे जग संपतं या जुन्या समजाला ते उत्तर आहे. एम अक्षरावर छोटा ओ असेल तर नाणं मेक्सिकोचं. याच्या चिनी नकला भरपूर आहेत. चुंबकाला चिकटलं तर तिथेच विषय संपला. 25 ग्रॅमच्या खाली भरलं तर घेऊ नका.

प्रश्न : 1780 सालचं मोठं चांदीचं नाणं, जाडजूड बाईचा चेहरा, काठावर अक्षरं. दुकानदार म्हणतो, मुंबईत पाडलेलं आहे. 1780 मध्ये मुंबईत हे कसं? (पणजी)

उत्तर : दुकानदार चुकीचं सांगतोच असं नाही. हा ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिचा थालर, म्हणजे मोठं चांदीचं नाणं. ती 1780 मध्ये वारली आणि तेव्हापासून आजवर त्याच सालाचं नाणं पाडलं जात आहे, कारण येमेन, इथिओपिया आणि अरबी किनाऱ्यावरचे व्यापारी दुसरं साल स्वीकारत नसत. 1935 मध्ये मुसोलिनीने ठसे रोमला नेल्यावर लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स इथेही ते पाडलं गेलं आणि 1940-41 मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही.

चेहऱ्याभोवती : मारिया थेरेसा, देवाच्या कृपेने रोमनांची सम्राज्ञी, हंगेरी आणि बोहेमियाची राणी. मागे दुतोंडी गरुडाभोवती : ऑस्ट्रियाची आर्चडचेस, बर्गंडीची डचेस, तिरोलची काउंटेस. सालापुढची फुली म्हणजे बर्गंडीचा क्रॉस, रोमन दहा नव्हे. काठावर उठावात ‘युस्तितिया एत क्लेमेन्तिया’, न्याय आणि क्षमा, हे तिचं स्वतःचं ब्रीद.

वजन 28.07 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी 23.39 ग्रॅम. ओतीव नकलेच्या काठावर जोडाची रेघ असते आणि ती अक्षरांवरून जाते, म्हणून काठ आधी बघा. मुंबईचं नाणं वेगळं ओळखायला गरुडाच्या पिसांचे आणि ब्रोचच्या मोत्यांचे बारीक फरक ताडावे लागतात, नुसत्या फोटोवरून ते सांगता येत नाही. ‘मुंबईचं’ म्हणून चांदीच्या भावापेक्षा जास्त द्यायचं तर आधी जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा.

प्रश्न : अक्षरं झिजली आहेत. चिंचेने घासून नाणं स्वच्छ केलं तर वाचता येईल का? (लातूर)

उत्तर : घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, भांडी घासायची पूड, टूथपेस्ट, काहीच नको. आंबटाने तांब्याचा वरचा थर विरघळतो आणि अक्षरांचा उरलेला उठाव त्याच थरात असतो. चांदीवर बारीक चरे पडतात आणि ते कधीच जात नाहीत. घासून चकचकीत केलेलं जुनं नाणं बाजारात मळक्या नाण्याच्या निम्म्यालाही जात नाही.

खोली अंधारी करा. नाणं काळ्या कापडावर ठेवा आणि टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून, आडवा प्रकाश टाका. आता टॉर्च तशीच नाण्याभोवती हळूहळू फिरवा आणि दर आठव्या हिश्श्याला मोबाइलने फोटो घ्या. उभ्या रेघा एका दिशेच्या उजेडात दिसतात, आडव्या दुसऱ्या. सगळे फोटो शेजारी ठेवले की शब्द जुळतो. फोटो काळापांढरा करून कॉन्ट्रास्ट वाढवला तर आणखी मदत होते.

वाचायला सुरुवात राजाच्या नावापासून करा. बहुतेक नाण्यांवर मजकूर डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने जातो. टिंब दिसलं की तिथे शब्द तोडला आहे असं समजा. व्ही कधी यू असतो, आय कधी जे. डी. जी. आणि रेक्स किंवा रेगिना सापडलं की त्यांच्या अलीकडचं ते नाव, पलीकडचे ते देश. बिरुदांत न बसणारं जे उरतं, तेच बहुधा वचन. सगळंच लॅटिन असतं असंही नाही. ब्रिटिश नाण्यांवरचं ‘ओनी स्वा की माल ई पांस’ आणि ‘द्यू ए माँ द्र्वा’ ही दोन्ही फ्रेंच आहेत, त्यांचा लॅटिन शब्दकोशात शोध घेऊन वेळ जाईल.

सोन्याच्या नाण्यावर फक्त तेल आणि कुंकू बसलं असेल तर कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात साध्या साबणाचा एक थेंब टाकून ते अर्धा तास ठेवा, साध्या पाण्यात बुडवून काढा आणि मऊ सुती कापडावर टिपून घ्या, पुसू नका. लाख भरलेल्या किंवा खडे बसवलेल्या दागिन्यातलं नाणं असेल तर हेही करू नका, पाण्याने लाख सुटते.